भूत मोजायचं मीटर

माझ्या कामाच्या पिशवीत टेस्टर, पक्कड, क्लॅम्प मीटर आणि काळ्या टेपच्या जोडीला गेली कित्येक वर्षं एक छोटं मीटर असतं. तारेतून करंट वाहत असला की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते हे मीटर दाखवतं. भिंतीतली वायर कुठून गेली आहे, पलीकडे ट्रान्सफॉर्मर असेल तर इकडच्या खोलीत काय परिस्थिती आहे, एवढ्यापुरतं ते बरं पडतं. गेल्या दिवाळीत भाचा घरी आला आणि त्याने तसलंच एक मीटर ऐटीत टेबलावर ठेवलं. पाच रंगीत दिवे, खोक्यावर कवटीचं चित्र, किंमत माझ्या मीटरच्या दुप्पट.

"मामा, हे भूत डिटेक्ट करतं."

मी ते त्याच्या खिशाजवळ धरलं आणि माझ्या फोनवरून त्याला रिंग दिली. पाचही दिवे लागले. "आलं बघ," मी म्हटलं.

तो हसला, पण हार मानणाऱ्यातला नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वाचतो भरपूर आणि बघतो त्याहून भरपूर. त्याचं म्हणणं असं: आपण सगळे एका प्रचंड कॉम्प्युटर प्रोग्रॅमच्या आत राहतो. भुतं, चकवा, 'हे आधी घडून गेलंय' असं वाटणं, हे सगळे त्या प्रोग्रॅममधले बग. "शास्त्रज्ञच म्हणतात, मामा."

त्याच्या या एका दमातल्या बोलण्यात तीन वेगळ्या वायरी होत्या. एक, माणसांना खरोखर येणारे विचित्र अनुभव. दोन, तत्त्वज्ञानातला एक गंभीर युक्तिवाद. आणि तीन, धंदा. तिन्ही एकाच टेपने गुंडाळलेल्या. अशी जोडणी दिसली की माझा हात शिवशिवतो. चला, टेप सोडू.

आधी अनुभव. आमचं गाव राजापूर तालुक्यात. माझ्या आजोबांना तरुणपणी चकवा लागला होता. शेजारच्या वाडीतला नमनाचा खेळ बघून रात्री सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळमाळावरून, परतताना ओळखीची वाट सापडेना. चालत राहिले आणि तीनदा त्याच वडापाशी येऊन पोचले. शेवटी तिथेच बसले, उजाडलं आणि घर दिसलं. ही गोष्ट ते सांगायचे तेव्हा अंगावर काटा यायचा. आजोबा खोटं बोलणारे नव्हते आणि प्यायलेलेही नव्हते.

२००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सौमन आणि सहकाऱ्यांनी हाच चकवा मोजला. माणसांना जीपीएस लावून बीनवाल्ड नावाच्या सपाट, दाट जंगलात सोडलं आणि सांगितलं, सरळ चाला. सहा जण चालले. ऊन होतं त्या दिवशी चाललेले दोघे जवळपास सरळ गेले. ढगाळ दिवशी चाललेले चौघेही गोल फिरले, त्यातले तिघे पुन्हा पुन्हा स्वतःचीच वाट ओलांडून पुढे गेले आणि त्यांना पत्ताही लागला नाही. ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात एक जण रात्री चालला. चंद्र दिसत होता तोवर सरळ, चंद्र ढगाआड गेला आणि स्वारी वळली. डोळे बांधून चालवलं तर काही जण २० मीटर व्यासाच्या वर्तुळातही घुटमळले.

गंमत म्हणजे एक पाय आखूड किंवा कमजोर असल्यामुळे माणूस गोल फिरतो, ही समजूतही या प्रयोगात टिकली नाही. कारण एकच माणूस कधी डावीकडे वळायचा, कधी उजवीकडे. 'सरळ म्हणजे कुठे' याचा मेंदूतला हिशेब प्रत्येक पावलागणिक किंचित चुकतो आणि चुका साठत जातात. सूर्य, चंद्र किंवा लांबचा डोंगर दिसत असला की तो हिशेब आपोआप दुरुस्त होत राहतो. अंधारात सड्यावर दुरुस्त करायला काही नसतं.

आता आजोबांचं वाक्य आठवा: "चकवा लागला की चालायचं नाही, बसायचं. उजाडलं की वाट दिसते." उपाय शंभर टक्के बरोबर. कारण तेवढं त्या काळी गावात मिळत होतं ते, म्हणजे भूत. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. अनुभव आजोबांचा स्वतःचा होता, त्याचा अर्थ उसना होता. भुताच्या गोष्टीला हसणारी मंडळी अनुभवालाही हसतात आणि तिथेच समोरच्याचे कान बंद होतात.

दुसरा किस्सा माझ्या धंद्याच्या जवळचा. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत व्हिक टँडी नावाचा इंजिनिअर वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचा. जागा 'बाधित' आहे अशी कुजबुज होती. एका रात्री एकटाच काम करत असताना त्याला थंड घाम फुटला, मानेवरचे केस उभे राहिले आणि डोळ्याच्या कोपऱ्यात एक करडी आकृती दिसली. धीर करून वळला तर काही नाही. दुसऱ्या दिवशी तो तलवारबाजीच्या स्पर्धेसाठी आपली तलवार दुरुस्त करायला घेऊन आला. शिकंजात पकडून ठेवली तर पातं आपोआप थरथरायला लागलं. पळून जाण्याऐवजी त्याने शिकंजा खोलीभर सरकवून पाहिला. खोलीच्या मध्यावर थरथर सर्वात जास्त, टोकांना जवळपास बंद. म्हणजे खोलीत आवाजाची एक स्थिर लाट उभी होती, सेकंदाला सुमारे १९ कंपनांची, कानाला ऐकू न येणारी. उगम निघाला नव्याने बसवलेला एक्झॉस्ट फॅन. त्याची जोडणी बदलली आणि भूत गेलं. १९९८ साली त्याने हे सगळं लिहून छापलं.

गोष्ट इतकी छान आहे की इथेच थांबायचा मोह होतो. बरेच लेख थांबतातही आणि 'भुतं म्हणजे १९ हर्ट्झ' असं ठोकून देतात. पण नंतर लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ क्रिस फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी एक रिकामी पांढरी खोली बांधली आणि तिथे असा न ऐकू येणारा आवाज व चुंबकीय क्षेत्र हवं तेव्हा चालू-बंद करायची सोय केली. ७९ जणांना एकेक करून आत सोडलं आणि सांगून ठेवलं की इथे काही वेगळं जाणवू शकतं. पुष्कळांना जाणवलं. कुणाला चक्कर, कुणाला खोलीत आणखी कुणीतरी आहे असा भास. पण यंत्र चालू होतं की बंद, याचा त्याच्याशी संबंध लागला नाही. 'काहीतरी जाणवेल' हे सांगणंच बहुधा पुरेसं होतं. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. भाच्याच्या मीटरच्या दृष्टीने तो फार वाईट आहे: चुंबकीय क्षेत्र वाढलं म्हणून भूत जाणवतं, हेसुद्धा त्यात दिसलं नाही.

घरात पावलं वाजणं, कुणीतरी बघतंय असं वाटणं, सकाळी डोकं जड होणं यांचं आणखी एक कारण जुनं आहे. १९२१ साली अमेरिकेतल्या विल्यम विल्मर या नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकीकत छापली. घर पछाडलेलं वाटत होतं, प्रत्यक्षात भट्टी बिघडून कार्बन मोनॉक्साइड घरात येत होता. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, तोच हा वायू. म्हणून घरात अचानक 'काहीतरी आहे' असं सगळ्यांनाच वाटायला लागलं तर आधी खिडक्या उघडा आणि गिझर तपासा. मांत्रिक वाट बघेल.

रात्री छातीवर मुंजा बसतो म्हणतात, तेही असंच. स्वप्नाच्या टप्प्यात शरीराचे स्नायू मेंदू मुद्दाम सैल करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातलं पळणं पलंगावरच पळू. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून मोकळे होतात. डोळे उघडे, हालता येत नाही, स्वप्न अजून डोळ्यांपुढे. कोकणात तो मुंजा होतो, अमेरिकेत परग्रहवासी.

सगळंच सुटलंय असं मी म्हणणार नाही. पावसाळी वादळात चेंडूसारखी तरंगणारी वीज शेकडो वर्षं माणसं बघत आली आहेत आणि ती नेमकी कशी तयार होते यावर अजून एकमत नाही. २०१२ साली चीनमधल्या छिंघाई भागात साध्या विजेचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांच्या कॅमेऱ्यात तसा एक गोळा योगायोगाने सापडला. त्याच्या प्रकाशात सिलिकॉन, लोह, कॅल्शियम दिसलं, म्हणजे जमिनीतल्या मातीचीच मूलद्रव्यं. एक पाऊल पुढे पडलं, कोडं शिल्लक आहे. 'कारण माहीत नाही' या वाक्याला विज्ञानात पूर्णविराम देता येतो. बाजारात त्यापुढे 'म्हणूनच' लागतं.

आता दुसरी वायर. पण आधी एक छोटा खेळ. खालची यादी एकदाच वाचा, मागे येऊन बघायचं नाही: गादी, उशी, पांघरूण, जांभई, रात्र, घोरणं, अंधार, दुलई, डुलकी, थकवा, स्वप्न, अंगाई.

आपण कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये राहत असू, हा सिम्युलेशनचा युक्तिवाद आजच्या रूपात मांडला निक बॉस्ट्रम या तत्त्वज्ञाने, २००३ साली. त्याआधी १६४१ मध्ये देकार्तने विचारलं होतं की एखादा लबाड दैत्य मला सगळं जगच खोटं दाखवत नसेल कशावरून? आणि त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे दोरीवर साप दिसण्याचा दृष्टान्त होताच. पण बॉस्ट्रमचं म्हणणं 'जग खोटं असू शकतं' इतकं सैल नाही. तो हिशेब मांडतो. एका मानवी मेंदूचं काम सेकंदाला साधारण एकावर १६ ते १७ शून्यं इतक्या क्रियांत बसेल असं धरा. आजवर जगलेल्या सगळ्या माणसांचा सगळा मानसिक इतिहास चालवायला, अगदी ढोबळमानाने, एकावर ३३ ते ३६ शून्यं इतक्या क्रिया लागतील. एखाद्या ग्रहाएवढा कॉम्प्युटर बांधता आला तर तो सेकंदाला एकावर ४२ शून्यं इतक्या क्रिया करू शकेल. म्हणजे अख्खा मानवी इतिहास त्याला एका सेकंदाच्या लहानशा तुकड्यात उरकता येईल आणि मग पुन्हा पुन्हा.

यातून तो म्हणतो, तीनपैकी एक गोष्ट तरी जवळजवळ खरी असली पाहिजे. आपल्यासारख्या संस्कृती त्या टप्प्याला पोचण्याआधीच संपतात. किंवा पोचतात, पण आपल्या पूर्वजांची सिम्युलेशन चालवण्यात त्यांना रस नसतो. किंवा त्या ती चालवतात. आणि चालवत असतील तर नकली माणसांची संख्या खऱ्यांपेक्षा इतकी प्रचंड असेल की तुम्ही-आम्ही नकलींपैकी असण्याचीच शक्यता जास्त.

तीनपैकी एक. कोणती, ते तो सांगत नाही. तिन्हींना साधारण सारखंच वजन द्यावं, असा त्याचा सूर आहे. शिवाय पायात एक गृहीतक आहे: जाणीव म्हणजे निव्वळ आकडेमोड, ती चिपवर चालवली तरी जाणीवच निर्माण होईल. हे खरं की खोटं, आज कुणालाच माहीत नाही. पण २०१६ साली एलॉन मस्क एका परिषदेत म्हणून गेला की आपण खऱ्या, मुळातल्या जगात असण्याची शक्यता अब्जात एक आहे. व्हिडिओ गेम किती वेगाने सुधारतायत बघा, हा त्याचा आधार. तेव्हापासून तीनपैकी दोन पर्याय रस्त्यात गळून पडले आणि भाच्यापर्यंत एकच पोचला.

हे तपासता येईल का? २०१२ साली बीन, दावूदी आणि सॅव्हेज या भौतिकशास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली. कॉम्प्युटरवर निसर्ग चालवायचा तर अवकाशाचे आलेख-कागदासारखे चौकोन पाडावे लागतात. आपलं विश्व तसं चौकोनांचं असेल, तर अवकाशातून येणाऱ्या अतिप्रचंड ऊर्जेच्या किरणांना काही दिशा इतर दिशांपेक्षा वेगळ्या लागतील, कागदावर तिरपी रेघ आणि सरळ रेघ वेगळी दिसते तशा. सुंदर कल्पना. तशी जाळी अजून कुणाला सापडलेली नाही. सापडली नाही म्हणून युक्तिवाद हरला, असंही होत नाही, कारण प्रोग्रॅमरने चौकोन आणखी बारीक पाडले असतील, असं म्हणता येतंच. कशानेच न हरणाऱ्या गोष्टीचं हेच दुखणं.

पण मला सर्वात मजेची वाटते ती वेगळीच गोष्ट. बॉस्ट्रमने त्याच निबंधात लिहून ठेवलंय की सिम्युलेशनमध्ये काही चूक झालीच आणि कुणाच्या लक्षात आली, तर चालकाला त्या माणसाच्या मेंदूतली नोंदच दुरुस्त करता येईल. म्हणजे युक्तिवाद खरा मानला तर बग दिसायलाच नको! 'ग्लिच सापडला, म्हणजे सिम्युलेशन सिद्ध' असं सांगणारे ज्याच्या नावावर बोलतात, त्याने त्यांची वाट आधीच बंद करून ठेवली आहे. भाच्याला हे दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला. पाचेक सेकंद.

"मग मंडेला इफेक्ट?"

हो, तोही घेऊ. नेल्सन मंडेला १९८०च्या दशकात तुरुंगात वारले असं बऱ्याच अमेरिकनांना स्पष्ट 'आठवत' होतं. अंत्ययात्रासुद्धा टीव्हीवर पाहिलेली. प्रत्यक्षात ते ११ फेब्रुवारी १९९० ला सुटले, १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि ५ डिसेंबर २०१३ ला गेले. इतक्या जणांना एकच चूक आठवते, म्हणजे जगाची फाइल कुणीतरी बदलली, असा दावा. आपल्याकडे त्यांना १९९० सालीच भारतरत्न दिलं गेलं, त्यामुळे ते वर्ष आठवणारा माणूस या 'ग्लिच'ला सहसा बळी पडणार नाही. ज्या माहितीला खुंटी मिळाली ती जागेवर राहिली, बाकीची वाहत गेली.

आता सांगा, मघाच्या यादीत 'झोप' हा शब्द कितवा होता? मागे जाऊन बघा. होता असं वाटलं असेल, तर तुम्ही बहुसंख्यांच्या पंगतीत आहात. अशा याद्यांचे प्रयोग १९५९ मध्ये जेम्स डीझने आणि १९९५ मध्ये रोडिगर व मॅकडरमॉट यांनी केले. न दिलेला मधला शब्द माणसं छातीठोकपणे 'होता' म्हणून सांगतात. आठवण म्हणजे कपाटातली फाइल नसते, दर वेळी ती नव्याने रचली जाते आणि रचताना मेंदू शोभतील ते शब्द आत सरकवतो. आपल्या सगळ्यांचे मेंदू साधारण एकाच साच्याचे, म्हणून चुकाही एकाच साच्याच्या.

राहिली तिसरी वायर आणि करंट तिच्यातच आहे.

भूत नेहमी त्या काळच्या नव्या यंत्रातून बोलतं, हे एकदा लक्षात आलं की विसरता येत नाही. १८४४ मध्ये मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठवली, टकटक आवाजातून लांबचा माणूस बोलू लागला. चारच वर्षांनी, मार्च १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावात केट आणि मॅगी फॉक्स या दोन लहान बहिणींच्या घरात मृतात्मा टकटक करून उत्तरं देऊ लागला. लोक त्याला आत्म्यांचा टेलिग्राफच म्हणायचे. फोटोग्राफी रुळली आणि फोटोत आत्मे उमटू लागले. तसले फोटो विकणाऱ्या विल्यम मम्लरवर १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खटला चालला आणि तो सुटलाही. टेपरेकॉर्डर आला आणि १९५९ मध्ये युर्गेनसन नावाच्या स्वीडिश माणसाला पक्ष्यांच्या ध्वनिमुद्रणात मेलेल्यांचे आवाज ऐकू आले. आता कॉम्प्युटर घरोघर आहे, तर अख्खं जगच कॉम्प्युटर झालं. बॉस्ट्रमचा युक्तिवाद भुताची गोष्ट नव्हता, पण बाजाराने त्याला त्याच रांगेत उभं केलं.

फॉक्स बहिणींचं पुढे काय झालं? मोठी बहीण लीने व्यवस्थापन हातात घेतलं, तिकिटं लागली, देशभर दौरे झाले. २१ ऑक्टोबर १८८८ ला मॅगी न्यूयॉर्कच्या एका भरलेल्या नाट्यगृहात उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्याचं हाड कसं वाजवायचं ते तिने सगळ्यांसमोर करून दाखवलं. चाळीस वर्षांची टकटक एवढीच होती. धंदा बसायला हवा होता, बसला नाही. वर्षभराने तिने कबुलीजबाब मागे घेतला. दोघी बहिणी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला हलाखीत वारल्या. त्यांच्या टकटकीवर उभा राहिलेला पंथ मात्र व्यवस्थित चालू राहिला. माल बनवणारा खुद्द म्हणाला की हा नकली आहे, तरी गिऱ्हाईक दुकान सोडेना.

आपल्या हॉस्टेलांतलं प्लँचेट याच झाडाची फांदी. कागदावर गोल अक्षरं, मधोमध उपडी वाटी, वाटीवर तीन बोटं, आणि "आत्म्या, आला असशील तर 'हो'वर जा." अमेरिकेत हाच खेळ छापील पाटीवर आणून १८९१ साली एलायजा बाँडच्या नावाने पेटंट घेतलं गेलं आणि ती पाटी 'विजा बोर्ड' म्हणून विकली जाऊ लागली. १९६६ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळण्यांच्या कंपनीने हक्क विकत घेतले. लहान मुलांच्या मोनोपॉलीच्या शेजारच्याच फळीवर परलोक.

वाटी सरकते, हे खरं. कुणी मुद्दाम सरकवत नाही, हेही बहुतेक वेळा खरं. तरी ती बोटांनीच सरकते. हे दाखवून दिलं मायकेल फॅरेडेने, १८५३ मध्ये. तेव्हा वाटीऐवजी टेबलं फिरायची. फॅरेडेने टेबल आणि हात यांच्या मध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ डिंकाने हलकेच चिकटवून ठेवले. आत्मा टेबल ओढत असेल तर खालचा थर आधी सरकायला हवा. दर वेळी वरचा, हातालगतचा थर पुढे गेलेला. मग त्याने एक काडी बसवली, हात किंचित जरी ढकलू लागले तरी ती हलायची. बसणाऱ्यांना ती काडी दिसत होती तोवर टेबल ढिम्म हललं नाही. माणसं प्रामाणिक होती, हात नव्हते. वाटीचंही तसंच. सगळ्यांचे डोळे बांधा, कागद गुपचूप अर्धा फिरवा आणि मग आत्म्याचं स्पेलिंग बघा.

हा तोच फॅरेडे, ज्याने १८३१ मध्ये दाखवलं की बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचं वेटोळं धरलं की त्यात वीज निर्माण होते. माझ्या मीटरमध्ये तेच वेटोळं आहे. भाच्याच्या कवटीवाल्या खोक्यातही तेच. आत्म्यांचा खेळ उघडा पाडणाऱ्या माणसाच्या शोधावर चालणारं यंत्र आत्मे शोधायला दुप्पट किमतीत विकलं जातंय. एवढा विनोद मला सुचला नसता.

घरं आणि किल्लेही विकले जातात. न्यूयॉर्कजवळच्या ॲमिटीव्हिलमध्ये १९७४ साली एका तरुणाने आपल्या कुटुंबातल्या सहा जणांना गोळ्या घातल्या. वर्षभराने नवं कुटुंब राहायला आलं आणि २८ दिवसांत 'भुतांमुळे' पळालं. १९७७ मध्ये पुस्तक, १९७९ मध्ये सिनेमा. त्याच सुमाराला खुन्याच्या वकिलाने सांगून टाकलं की ही भीतीची गोष्ट आम्ही वाइनच्या बाटल्या रिचवत बसून रचली. त्यानंतरच्या मालकांना भुतांचा त्रास झाला नाही, भुतं बघायला येणाऱ्यांचा झाला. शेवटी घराचा नंबर बदलावा लागला.

राजस्थानातल्या भानगडला 'सूर्यास्तानंतर प्रवेश बंद' अशी पुरातत्त्व खात्याची पाटी आहे आणि ती 'सरकारनेही मान्य केलेलं भूत' म्हणून दर दुसऱ्या व्हिडिओत झळकते. आपल्या शनिवारवाड्यातही रात्री कुणाला राहू देत नाहीत. सरकारी वेळ असते, त्याला भुताची काय गरज? शनिवारवाड्याचं तर मला वाईटच वाटतं. ३० ऑगस्ट १७७३ ला तिथे कोवळ्या वयाच्या नारायणराव पेशव्याचा खून झाला आणि 'काका, मला वाचवा' एवढंच वाक्य बाजारात चलनी राहिलं. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून खुद्द सत्तेवर बसलेल्या राघोबादादाला दोषी ठरवलं, हा खरा अंगावर काटा आणणारा भाग. त्यावर रात्रीची टूर काढायला कुणी तयार नाही.

कायद्याने काय केलं? महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झुंज दिली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणारा, चमत्काराच्या नावाने लुबाडणारा त्यात अडकतो. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. ब्रिटनमध्ये वेगळीच वाट निघाली. तिथे आत्म्यांशी बोलतो म्हणून फसवणाऱ्यांविरुद्ध १९५१ चा खास कायदा होता. २००८ मध्ये तो रद्द होऊन विषय ग्राहक संरक्षणाच्या नियमांखाली आला, म्हणजे परलोक हा मिक्सरसारखा माल झाला. मग 'केवळ मनोरंजनासाठी' ही ओळ बारीक अक्षरांत आली. आपल्याकडच्या व्हिडिओंखालीही ती असते. मीटरच्या खोक्यावरही होती, मी चष्मा लावून वाचली.

आणि एवढं सगळं जर विकलं जातंय तर सिद्ध करून बक्षीस का कुणी नेत नाही? जेम्स रँडी या जादूगाराने १९६४ मध्ये एक हजार डॉलर लावले, पुढे ते दहा लाख डॉलर झाले, २०१५ मध्ये योजना बंद होईपर्यंत कुणी जिंकलं नाही. आपल्या अंनिसचं २१ लाखांचं आव्हान आहेच. भाच्याचा यावरचा प्रश्न मला आवडला: "एकदाच मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा दर आठवड्याचे व्ह्यूज परवडत असतील ना?" पोरगा शिकतोय.

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. मीटर अर्थातच बरोबर. माझ्या आजोबांचं घर, माजघर, अंधार, त्याने फोनवर शूटिंग चालू केलं आणि देवघराच्या भिंतीपाशी पाचही दिवे लागले. फोन त्याने विमान मोडवर टाकलेला होता, इतकी अक्कल त्याला आली होती. तरी दिवे जाईनात. खरं सांगतो, एक क्षण मलाही कसंसं झालं.

मग मी देवघराचा बोर्ड उघडला. कुणीतरी जुन्या काळी जोडणी वाढवताना दिव्याचा फेज इकडच्या बोर्डातून आणि न्यूट्रल पार पडवीतल्या बोर्डातून घेतला होता. फेज आणि न्यूट्रल शेजारी-शेजारी असले की त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. इथे दोघांमध्ये अख्खं माजघर होतं, म्हणजे करंटचा केवढा तरी मोठा फेरा. दिवा बंद केला, मीटर विझलं. चालू केला, पेटलं. भाच्याने हेही सगळं शूट केलं, मी समजावून सांगितलं तेही. वरची वायर दोन ठिकाणी उघडी पडलेली सापडली, ती बदलली, नाहीतर पावसाळ्यात कुणाला तरी शॉक बसला असता.

आठवड्याने व्हिडिओ आला. चार मिनिटांचा, पावा-घुंघरांचं संगीत वगैरे. दिवे लागतात, त्याचा चेहरा जवळून, आणि संपला. बोर्ड उघडल्याचा भाग नव्हताच. मी फोन करून विचारलं.

"ठेवला होता, मामा," तो म्हणाला. "पण तू स्क्रू काढायला लागलास की सगळे व्हिडिओ बंद करून जातात. ग्राफ दाखवू का तुला?"